परसातली कोंबडी आणि तिचे दुखणे

कोंबडीचे आयुष्य किती वर्षांचे असते, हा प्रश्न एखाद्या जाणत्या गृहस्थाला विचारून पाहावा. गाईचे, घोड्याचे, कुत्र्याचे आयुष्य तो अंदाजाने सांगेल. हत्तीचे तर थोडे फुगवूनच सांगेल. पण कोंबडीपाशी आला की तो थबकतो. हे त्याचे अज्ञान नव्हे. कोंबडी म्हातारी होऊन मेलेली फारशी कोणी पाहिलेलीच नसते. मांसासाठी वाढवलेले पिल्लू सहा-सात आठवड्यांत बाजारात जाते. अंड्यांसाठी पाळलेली तलंग विसाव्या आठवड्याच्या सुमारास अंडे देऊ लागते, आणि दीड-दोन वर्षांची झाली की अंड्यांच्या उत्पन्नापेक्षा दाण्याचा खर्च जड होऊ लागतो म्हणून तिची रवानगी होते. खेड्यातली गावठी कोंबडी पाहुण्यासाठी, सणासाठी किंवा नवसासाठी राखलेली असते. शिवाय मुंगूस, मांजर आणि घार हे तिचे वाटेकरी आहेतच. कोंबडीला तिचे स्वतःचे मरण लाभते ते बहुधा एकाच ठिकाणी. ती जेथे हौसेने, दोन-चारच्या संख्येने, घराच्या मागच्या अंगणात पाळलेली असते, तेथे ती पाच-सात वर्षे, क्वचित त्याहूनही अधिक जगते. आणि तेथेच असे आढळून येते की, त्यांतल्या पुष्कळशा ज्या दुखण्याने जातात ते बाहेरून आलेले नसते. ज्या अवयवासाठी माणसाने कोंबडी पाळली, त्या अवयवाचेच ते असते. अंडे देण्याच्या इंद्रियांच्या या दुखण्याविषयी आज थोडे बोलावयाचे आहे.

विषय क्षुल्लक वाटण्याचा संभव आहे. पण २०१९ साली झालेल्या विसाव्या पशुगणनेत आपल्या देशात सुमारे ८५ कोटी कोंबड्या-बदके मोजली गेली, आणि त्यांतील ३१ कोटी ७० लाखांच्या आसपास परसातली होती. आधीच्या गणनेपेक्षा परसातल्या पक्ष्यांची ही संख्या शेकडा ४६ ने वाढलेली होती. म्हणजे कोंबडी ही केवळ कारखानदारीची वस्तू झाली असे म्हणणे खरे नाही. दर शंभरांतली सदतीस पाखरे अजून कोणाच्या तरी अंगणात, कोणाच्या तरी नजरेसमोर वाढत आहेत. आणि जे प्राणी नजरेसमोर वाढतात त्यांचे आजारही नजरेसमोरच येतात.

झाशीत सरकारी निवासांच्या मागे भरपूर मोकळी जागा असते. बुंदेलखंडातल्या या खडकाळ जमिनीत भाजीपाला फारसा धरत नाही, म्हणून तेथे एखादा कडुनिंब, थोडा भोपळ्याचा वेल आणि दोन-चार कोंबड्या अशी मांडणी पुष्कळ ठिकाणी दिसते. आमच्या घरात अंडे हा शब्द एकेकाळी हळू आवाजात उच्चारण्याची रीत होती. आमची आई अजूनही अंड्याला हात लावीत नाही. परंतु कोंबड्यांना दाणा टाकण्याचे काम मात्र तिने कोणाला करू दिलेले नाही. आमच्याकडे दोन गावठी कोंबड्या होत्या आणि दोन सुधारित, तांबड्या रंगाच्या. त्यांतल्या एकीचे नाव मुलांनी ‘राणी’ ठेवले होते. झाशीत राहून दुसरे नाव सुचणे तसे कठीणच. राणीने दोन वर्षे जवळजवळ रोज एक अंडे दिले. तिसऱ्या वर्षी फाल्गुनात एके दिवशी खुराड्यात कवच नसलेले, नुसत्या पातळ पडद्यात गुंडाळलेले मऊ अंडे मिळाले. दोन दिवसांनी पुन्हा तसेच. मग अंडी बंद झाली. ती दाणा टिपत होती, पण टिपल्यासारखे करून सोडून देत होती. तिचा तुरा फिकट पडून एका बाजूला कलला. चालताना ती अंग सरळ उभे धरू लागली, चित्रातल्या पेंग्विन पक्ष्यासारखे. आणि उचलून घेतली तर पोट पाणी भरलेल्या पिशवीसारखे हाताला लागे.

येथल्या एका पशुवैद्यकीय रुग्णालयातील तरुण डॉक्टरांनी तिला तपासले. समोर म्हशींची रांग होती, तरी त्यांनी कोंबडीसाठी वेळ काढला आणि हसले नाहीत, हे मला विशेष वाटले. पोटात सुई घालून त्यांनी गढूळ पिवळसर द्रव काढला तेव्हा राणीला श्वास घेणे सोपे झाले. त्यांनी प्रतिजैविक दिले, पण आशा दाखविली नाही. “अंडा बाहर आने के बजाय अंदर गिरता रहा है, साहब,” एवढेच ते म्हणाले. अकराव्या दिवशी ती गेली. डॉक्टरांनी मृत शरीर उघडून दाखविले. आतड्यांच्या घड्यांमध्ये, यकृतावर, सर्वत्र उकडलेल्या अंड्यातल्या पिवळ्या बलकासारखा चुरा थरांथरांनी साचलेला होता.

हे कसे घडते ते समजण्यासाठी निरोगी कोंबडीत अंडे कसे तयार होते ते आधी पाहिले पाहिजे. पक्ष्यांच्या मादीमध्ये गर्भावस्थेत अंडाशय दोन असतात. परंतु कोंबडीत उजव्या बाजूचा वाढत नाही, तो खुरटून जातो. सगळा कारभार डाव्या बाजूच्या एकट्या अंडाशयावर आणि एकट्या अंडवाहिनीवर चालतो. अंडाशय द्राक्षाच्या घडासारखा दिसतो. त्यात मोहरीएवढ्या दाण्यांपासून पूर्ण वाढलेल्या पिवळ्या बलकापर्यंत सर्व आकारांचे गोळे एकाच वेळी असतात, आणि मोठे पाच-सहा गोळे जणू रांगेत उभे असतात. शेवटच्या आठ-दहा दिवसांत प्रत्येक गोळा झपाट्याने फुगतो. यकृतात तयार झालेले स्निग्ध पदार्थ व प्रथिने रक्तावाटे येऊन त्यात साठतात. ज्याची पाळी आली त्याच्यावरचे आवरण एका ठरावीक रेषेवर फाटते आणि बलक सुटतो. कोंबडा जवळ असो वा नसो, यात फरक पडत नाही. कोंबड्यावाचून अंडे कसे, असा प्रश्न शहरातले शिकलेले लोकही विचारतात, म्हणून हे सांगितले.

सुटलेला बलक थेट नळीत पडत नाही, हा या सर्व रचनेतला नाजूक भाग आहे. अंडाशय आणि अंडवाहिनी ही एकमेकांना जोडलेली नाहीत. अंडवाहिनीचे तोंड नरसाळ्यासारखे पसरलेले असते. ते हालचाल करून बलकाला वेढते आणि आत घेते. यास पंधरा-वीस मिनिटे लागतात, आणि फलन व्हायचे असेल तर ते येथेच होते. पुढच्या लांब भागात सुमारे तीन तास बलकाभोवती पांढरा बलक चढतो. त्यानंतरच्या अरुंद भागात तासाभराहून थोड्या अधिक वेळात दोन पातळ पडदे चढतात. उकडलेले अंडे सोलताना जो पापुद्रा निघतो तो हाच. शेवटी अंडे कवचग्रंथीत येते आणि तेथे जवळजवळ वीस तास राहते. एकूण चोवीस ते सव्वीस तासांच्या या प्रवासातला बहुतेक काळ कवच चढविण्यातच जातो. अंडे बाहेर पडल्यावर अर्ध्या तासाच्या आत दुसरा बलक सुटू शकतो. भरात असलेल्या कोंबडीची अंडवाहिनी साठ-सत्तर सेंटिमीटर लांब असते, आणि अंडी थांबली की तीच आकसून वीतभर होते.

कवचाचा हिशोब तर विलक्षण आहे. कवच बहुतांशी चुनखडीच्याच जातीचे, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटचे असते. एका अंड्यात सुमारे दोन ग्रॅम कॅल्शियम जाते. वर्षाला तीनशे अंडी देणारी कोंबडी सहाशे ग्रॅम कॅल्शियम शरीरातून बाहेर टाकते, आणि तिच्या साऱ्या सांगाड्यातल्या कॅल्शियमच्या हे वीसपटीहून अधिक होते. रात्री ती काही खात नाही, आणि कवच तर मुख्यतः रात्रीच घडते. म्हणून तिच्या लांब हाडांच्या पोकळीत एक खास, मऊ हाड तयार होते. ते म्हणजे दिवसा भरावयाचे आणि रात्री काढावयाचे खातेच. त्यात भरणा कमी पडला की पहिल्याने अंड्याचे कवच पातळ होते, नंतर हाडे ठिसूळ होतात. वजनाचा हिशोब मांडला तर दीड किलोची कोंबडी वर्षाकाठी सोळा किलोंहून अधिक अंडी घालते; आपल्या देहाच्या दहापट पदार्थ ती एका अरुंद वाटेने घडवून बाहेर काढते.

आता दुखण्याकडे वळू. नरसाळ्याने बलक पकडला नाही तर तो पोटाच्या पोकळीत पडतो. हे अधूनमधून कोणत्याही कोंबडीत घडते, विशेषतः तलंग नुकतीच अंड्यावर आलेली असताना, आणि निरोगी शरीर असा बलक हळूहळू शोषून घेते. परंतु वारंवार असे होऊ लागले, किंवा त्याच वेळी जंतूंचा शिरकाव झाला, की बलक हे जंतूंना उत्तम खाद्य ठरते. आतड्यात नेहमी वस्ती करणारा ई. कोलाय हा जंतू येथे मुख्य अपराधी असतो. कोंबडीत विष्ठा, मूत्र आणि अंडे यांना बाहेर पडण्याची वाट एकच असते; तिला अवस्कर म्हणतात. त्यामुळे जंतूंना अंडवाहिनीत उलट चढून जाणे अवघड नसते. पोटाच्या पोकळीचा जो दाह त्यातून होतो, त्यानेच राणी गेली. काही वेळा दाह अंडवाहिनीतच राहतो. तेव्हा आत पू, पांढरा बलक आणि पडदे यांचे थर एकावर एक बसून रबरासारखा घट्ट गोळा तयार होतो, आणि कोंबडी एखादे दिवशी तोच ‘अंडे’ म्हणून घालते. तो कापून पाहिला तर कांद्यासारखे पदर दिसतात. काही कोंबड्यांत या दुखण्याचे बीज बालपणीच पडलेले असते. पिल्लू असताना श्वासनलिकेचा एक सांसर्गिक रोग होऊन गेला तर त्याचे विषाणू अंडवाहिनीची वाढ बिघडवतात. पुढे ती कोंबडी धडधाकट दिसते, रोज खुराड्यात जाऊन बसते, पण अंडे काही बाहेर येत नाही.

अंडे अडणे हा प्रकार निराळा. त्यात अंडे तयार होते, पण बाहेर पडत नाही. अंड्याचा आकार मोठा असेल, कवच मऊ असेल, कोंबडी फार लठ्ठ असेल किंवा रक्तातले कॅल्शियम उतरल्यामुळे स्नायूंना जोर नसेल, तर असे होते. ती पुनःपुन्हा कुंथते, शेपटी खालीवर करते, पिसे फुलवून कोपऱ्यात बसते. या दुखण्यात दिवस नव्हे, तास मोजावे लागतात. कधी कुंथण्याच्या जोराने अंडवाहिनीचा शेवटचा भागच बाहेर येतो. अंडे घालताना तो क्षणभर बाहेर येणे स्वाभाविक आहे, त्यामुळेच अंड्याला विष्ठा लागत नाही; पण तो परत आत गेला नाही तर इतर कोंबड्या लाल रंगाकडे ओढल्या जाऊन त्यावर चोची मारतात. असे पाखरू ताबडतोब वेगळे करावे लागते.

झाशीसारख्या गावी यात उन्हाळ्याची भर पडते. येथे मे-जूनमध्ये पारा पंचेचाळीस अंशांपर्यंत आणि कधी त्याच्याही वर जातो. कोंबडीच्या शरीराची उष्णता एरवीच एकेचाळीस अंशांच्या आसपास असते आणि तिला घाम येत नाही. ती चोच उघडून धापा टाकते आणि श्वासावाटे उष्णता बाहेर काढते. पण धापा टाकताना रक्तातला कर्बद्विप्राणिल वायूही प्रमाणाबाहेर निघून जातो. कवचातल्या कार्बोनेटचे मूळ तोच वायू. त्यामुळे खाण्यात चुना कितीही असला तरी उन्हाळ्यात कवच पातळ होते. त्यातच भूक मंदावून दाणा कमी जातो. पातळ कवचाची, मऊ अंडी अडण्याचा व आत फुटण्याचा धोका अधिक असतो. म्हणून बुंदेलखंडात कोंबडीच्या औषधपाण्याच्या आधी सावली, मातीच्या भांड्यातले गार पाणी आणि सकाळ-संध्याकाळच्या थंड वेळी दाणा या गोष्टी येतात.

पण उन्हाळा, जंतू आणि चुना ही झाली निमित्ते. मूळ कारण फार मागे जाते. चार्ल्स डार्विनने १८६८ च्या आपल्या ग्रंथात सर्व पाळीव कोंबड्यांचे मूळ तांबड्या रानकोंबड्यात आहे असे मत मांडले. त्यासाठी त्याने कलकत्त्याच्या संग्रहालयात काम केलेल्या एडवर्ड ब्लिथ याच्या माहितीचा आधार घेतला होता. अलीकडच्या जनुकीय संशोधनाने हे मूळस्थान म्यानमार, थायलंड आणि दक्षिण चीन यांच्या पट्ट्यात दाखविले आहे. आपल्या सह्याद्रीतला करडा रानकोंबडा हा वेगळा. पण पाळीव कोंबडीच्या पायांचा व कातडीचा पिवळा रंग या सह्याद्रीच्या नातेवाइकाकडून आला, असे २००८ साली सिद्ध झाले, हे महाराष्ट्रीयांनी लक्षात ठेवण्यासारखे आहे. तांबडी रानकोंबडी एका वेळी पाच-सहा अंडी घालते, मग थांबते आणि ती उबवते. वर्षभरात तिची अंडी दहा-पंधरा होतात. आपली गावठी कोंबडी साठ-सत्तर अंडी देते, मध्येच खुडूक होते आणि एकवीस दिवस पिल्लांसाठी बसून राहते. व्हाइट लेगहॉर्न जातीपासून घडविलेली आजची कोंबडी तीनशेच्या पुढे जाते.

या दहा-पंधरांपासून तीनशेपर्यंतच्या प्रवासात माणसाने कोंबडीला नवे काही दिले नाही. तिच्या स्वभावातले दोन थांबे मात्र काढून टाकले. पहिला थांबा खुडूक होण्याचा. खुडूक झालेल्या कोंबडीचा अंडाशय विश्रांती घेतो, म्हणून पिढ्यान्‌पिढ्या खुडूक न होणाऱ्या कोंबड्याच पैदाशीसाठी निवडल्या गेल्या. गावठी कोंबडी खुडूक झाली की आपण तिच्यावर रागावतो, पाण्यात बुचकळतो, डालग्याखाली कोंडतो. वस्तुतः तो तिच्या देहाने घेतलेला हक्काचा रजेचा अर्ज असतो. सरकारी नोकराने तरी तो समजून घ्यावा. दुसरा थांबा ऋतूचा. पक्ष्यांचा अंडाशय दिवसाच्या लांबीवर चालतो, आणि प्रकाश डोळ्यांबरोबरच कवटीच्या पातळ हाडातूनही मेंदूपर्यंत पोहोचतो; झाक बेनोआ या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९३० नंतरच्या दशकात बदकांवर हे दाखविले. झाशीत सर्वांत मोठा दिवस साडेतेरा तासांहून थोडा अधिक, आणि सर्वांत लहान साडेदहा तासांचा. हिवाळ्यात देशी कोंबडीची अंडी कमी होतात ती यामुळे. अंड्यांच्या व्यवसायात दिवे लावून दिवस सोळा तासांचा करतात. शिवाय २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात असे दिसले की, ऋतूशी संबंधित अशा एका जनुकाचे बदललेले रूप जवळजवळ सर्वच पाळीव कोंबड्यांत पसरले आहे. म्हणजे दिवा न लावलेल्या परसातही सुधारित जातीची कोंबडी फारशी थांबत नाही. थांबण्याची खूणच तिच्या रक्तातून पुसट झाली आहे.

हे सांगताना व्यवसायाची निंदा करण्याचा हेतू नाही. व्यवसायाचे गणित दीड-दोन वर्षांचे आहे आणि त्या मुदतीत ही रचना बहुधा तग धरते. अंडे हे गरिबाला परवडणारे प्रथिन झाले ते याच कोंबडीमुळे. १९८२ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय अंडी समन्वय समितीचे प्रमुख कार्यालय पुण्यातच आहे, आणि महाराष्ट्राचा या उद्योगातला वाटा मोठा आहे. प्रश्न उद्भवतो तो दोन वर्षांसाठी घडविलेले यंत्र आपण परसात आणून त्याच्याकडून सहा-सात वर्षांची अपेक्षा करतो तेव्हा.

या प्रश्नाला एक दुसरी बाजू आहे, आणि ती थेट माणसाच्या रुग्णालयापर्यंत जाते. १९७१ साली महमूद फतहल्ला या इजिप्तच्या स्त्रीरोगतज्ज्ञाने असा तर्क मांडला की, विश्रांतीवाचून चालू राहणारा अंडोत्सर्ग हाच स्त्रियांमधील अंडाशयाच्या कर्करोगाचे एक कारण असावा. प्रत्येक वेळी अंडाशयाचा पृष्ठभाग फाटतो व भरून येतो. जितक्या वेळा दुरुस्ती, तितकी चुकीची शक्यता. या तर्काला आधार देणारा प्राणी प्रयोगशाळेत सहज मिळेना. उंदरांना हा रोग आपोआप क्वचितच होतो. तो आपोआप आणि मोठ्या प्रमाणावर होणारा प्राणी म्हणजे अंडी देणारी कोंबडी. दोन वर्षांच्या पुढे वय जाईल तसे त्याचे प्रमाण वाढत जाते, आणि संप्रेरके देऊन अंडी कमी केलेल्या कोंबड्यांत ते घटते. गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या स्त्रियांतही या रोगाचा धोका कमी होतो, हे त्याच्याशी जुळते. आता स्त्रियांमधील या रोगाचे पुष्कळसे प्रकार अंडनलिकेच्या टोकापाशी सुरू होतात असे मानले जाते, त्यामुळे मूळ तर्क जसाच्या तसा राहिलेला नाही. परंतु कोंबडी या संशोधनात अजून आहे. परसात पोट फुगून मेलेल्या प्रत्येक कोंबडीचा बलकच आत पडला असे समजू नये. कित्येकदा तो द्रव कर्करोगाचा असतो, आणि बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात.

कोंबडी आजारी आहे हे कळते तरी कशावरून? शिकारी प्राण्यांचे भक्ष्य असलेल्या जातींना आजार लपविण्याची सवय निसर्गानेच लावलेली असते; लंगडी दिसली तीच पहिली पकडली जाते. म्हणून लक्षणे दिसतात तेव्हा दुखणे बरेच पुढे गेलेले असते. तुरा, विष्ठा, पोटाचा स्पर्श आणि अंड्याचे कवच या चार गोष्टींवर आठवड्यातून एकदा नजर टाकावी. एक भेद मात्र पहिल्या दिवशीच केला पाहिजे. एकच कोंबडी दिवसेंदिवस झिजत असेल व बाकीच्या ठीक असतील, तर दुखणे बहुधा तिच्या स्वतःच्या पोटातले असते. दोन-तीन दिवसांत अनेक कोंबड्या पडल्या, माना वाकड्या झाल्या, हिरवी हगवण लागली, तर ते राणीखेत म्हणजे आपल्याकडची मानमोडी किंवा दुसरा एखादा साथीचा रोग समजावा. तेथे घरगुती उपाय न करता पशुसंवर्धन खात्याला कळवावे. २००६ च्या फेब्रुवारीत नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला बर्ड फ्लूची देशातली पहिली साथ आली तेव्हापासून ही गोष्ट केवळ आपल्या अंगणापुरती राहिलेली नाही.

अंडे अडलेल्या कोंबडीला हाताला सोसेल अशा कोमट पाण्यात पंधरा-वीस मिनिटे पोटापर्यंत बसवावे, कोरडी करून अंधाऱ्या, उबदार आणि निवांत जागी ठेवावे. एवढ्याने पुष्कळदा अंडे सुटते. न सुटल्यास बोटे घालून ते फोडू नये. कवचाचा तुकडा आत लागला तर अंडे परवडले असे म्हणण्याची पाळी येते. त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे. पोटाच्या दाहात प्रतिजैविक लवकर मिळाले तर काही कोंबड्या वाचतात, पण मूळ खोड जात नाही आणि दुखणे उलटते. औषध डॉक्टरांच्या सांगण्यावरूनच द्यावे. दुकानदार देईल ते पाण्यात घोळून पाजण्याच्या सवयीमुळेच २०१९ साली सरकारला कोलिस्टिन हे औषध खाद्य-प्राण्यांसाठी बंद करावे लागले. औषध चालू असताना आणि नंतर डॉक्टर सांगतील तितके दिवस अंडी टाकून द्यावीत. काही पाश्चात्त्य देशांत हौसेच्या कोंबड्यांच्या कातडीखाली संप्रेरकाची गोळी बसवून काही महिने अंडी बंद ठेवतात. तो उपाय खर्चाचा आहे, पण त्याचे तत्त्व खुडूक कोंबडीलाही ठाऊक आहे.

प्रतिबंध म्हणावा तर तो थोडाच आणि साधा आहे. शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवावा, म्हणजे ज्या कोंबडीला हवा ती खाते. दाण्यात सरसकट मिसळला तर न अंड्यावरच्या तलंगांच्या मूत्रपिंडांना तो बाधतो. हिवाळ्यात परसात दिवा लावू नये. घरातले तूप-पोळीचे उष्टे रोज घालून कोंबडी लठ्ठ करू नये. येथे आमच्या आईचे आणि माझे एकमत नाही. कोंबडी पिसे झाडून अंडी थांबवते तेव्हा तिला थांबू द्यावे. आणि नव्याने कोंबड्या आणणाऱ्याने जात पाहून आणाव्यात. आमच्याच प्रदेशात बरेलीजवळ इज्जतनगरला १९७९ पासून केंद्रीय पक्षी संशोधन संस्था आहे. असीलच्या रक्ताची ‘निर्भीक’ आणि कडकनाथच्या रक्ताची ‘श्यामा’ या परसासाठी तिने तयार केलेल्या जाती लेगहॉर्नपेक्षा कमी अंडी देतात. अंगणात पाळणाऱ्याने हा त्यांचा गुण समजावा. जाता जाता सांगावयाचे म्हणजे, ही संस्था ज्या भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्थेच्या आवारात उभी राहिली, तिचा जन्म १८८९ साली पुण्यात झाला होता आणि चार वर्षांनी ती कुमाऊँच्या डोंगरात मुक्तेश्वरला गेली.

राहिला शेवटचा प्रश्न. पोट फुगलेली, न खाणारी, उभी राहू न शकणारी कोंबडी किती दिवस तशी ठेवावी? आमच्याकडे याचे दोन टोकांचे उत्तर मिळते: एक सुरी, आणि दुसरे ‘आपोआप जाईल’. दुसरे उत्तर दयेचे वाटते, पण पाण्याने भरलेल्या पोटाच्या दाबाखाली श्वास कोंडत जाणारे पाखरू आठ-आठ दिवस कोपऱ्यात बसून राहते, तेव्हा त्यात दया कोठे असते हे सांगणे कठीण आहे. द्रव काढूनही दोन-तीन दिवसांत पोट पुन्हा भरले आणि पाखरू दाण्याकडे पाहीनासे झाले, तर डॉक्टरांकडून त्याला वेदनेवाचून मुक्त करावे असे माझे स्पष्ट मत आहे. अशी कोंबडी खाऊ नये आणि कोणाला देऊही नये. मरणानंतर डॉक्टर तयार असतील तर शरीर उघडून पाहावे. साथीचा संशय असेल तर मात्र ते घरी मुळीच उघडू नये. नंतर कुत्र्यांना उकरता येणार नाही इतक्या खोल खड्ड्यात, वर चुना टाकून पुरावे, आणि खुराडे धुऊन उन्हात वाळवावे.

एक कोंबडी गेली की उरलेल्यांत दोन-चार दिवस चोचाचोची माजते. मुले याला शोक समजतात. कोंबड्यांमध्ये कोणी कोणाला टोचावे याचा एक पक्का क्रम असतो. थोरलेइफ शेल्डेरूप-एबे या नॉर्वेच्या अभ्यासकाने १९२१-२२ च्या सुमारास तो पहिल्यांदा नीट मांडून दाखविला. मधली जागा रिकामी झाली की तो क्रम पुन्हा ठरवावा लागतो. अशा वेळी दाण्याची दोन भांडी वेगवेगळ्या कोपऱ्यांत ठेवावीत. आठवड्याच्या आत सगळे स्थिर होते.